शेकर डबीची पट्टी: गरम पाणी की वाफ?

अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लंबगोल डब्यांची कड म्हणजे मेपलच्या लाकडाची जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची पट्टी. ती वाकवायची कशी? माझं मत स्पष्ट आहे, गरम पाण्यात भिजवून.

लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं मऊ होतं, हे दोन्हीकडे सारखंच. पण वाफेसाठी बंद पेटी लागते आणि बाहेर काढलेली पातळ पट्टी बघता बघता गार होते. खुर्चीच्या इंचभर जाड पाठीला वाफच हवी, साधारण तासभर. इथे मात्र उकळीच्या जवळ आलेल्या पाण्याचा लांबट ट्रे आणि वीसेक मिनिटं पुरतात. ओली पट्टी साच्याभोवती गुंडाळताना घाई नको, पण थांबायचंही नाही. पट्टीच्या टोकाला बोटांसारखे कोरलेले निमुळते भाग आधी हातानं हलकेच वळवून घ्यावेत. तडा बहुतेक तिथेच जातो. मग टोकं जोडायला तांब्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे. लोखंडी चूक ओल्या लाकडावर काळा डाग पाडते, तांबं गंजत नाही.

पाण्याचा तोटा एकच, वाळायला वेळ लागतो. आकार धरण्यासाठी दोन दिवस डबीच्या आत लंबगोल ठोकळे बसवून ठेवा.