नाटक-कवितांच्या इंग्रजी शब्दकोड्यांची वही: सूत्रं पक्की, छपाई कच्ची

सोलापुरात नवी पेठेत मिळणारी ही स्पायरल वही तिच्या सूत्रांसाठी, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या खुणांसाठी, जरूर घ्यावी. सूत्रं फार विचार करून रचली आहेत.

उदाहरणार्थ, शेक्सपिअरच्या नाटकातल्या लिअर राजाची मुलगी, पाच अक्षरी, आणि सूत्रात 'बिथरलेला' राग, म्हणजे रागाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटसुलट करा अशी खूण. आधी घरं मोजा. गॉनरिल सात, कॉर्डिलिया आठ, म्हणजे उरली रीगन. मग 'अँगर'ची अक्षरं फिरवून ताळा करा. त्याच अक्षरांतून 'रेंज'ही बनतो, म्हणून नुसती अक्षरं जुळली की लगेच लिहू नये. सूत्राच्या टोकाला दिलेला अर्थही जुळायला हवा. 'हॅम्लेट' तर सुरेखच साधलाय: डेन्मार्कचा राजपुत्र आणि लहानसं खेडं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात.

नवशिके अडतात ते कवितेतल्या आखूड रूपांवर. 'ओव्हर'चं ओ-ई-आर, 'एव्हर'चं ई-ई-आर. अपॉस्ट्रॉफीला वेगळं घर नसतं. 'बिफोर'साठी ई-आर-ई येतं. शेवटच्या दोघांचं पहिलं अक्षर एकच, त्यामुळे मधल्या घरातून जाणारा उभा शब्द सुटेपर्यंत थांबावं.

कागद मात्र पातळ. पेन पाठीमागे उमटतं, एचबी पेन्सिलच वापरा. त्याहून खटकतं ते दोन शब्दी उत्तरांचं. 'लेडी मॅकबेथ'पुढे ४,७ छापायला हवं, इथे नुसतं ११ आहे. सोडवणारा मग एकच लांब शब्द शोधत बसतो. उत्तरंही त्याच पानामागे आहेत. सुरुवातीलाच त्यांवर कोरा कागद टाचून घ्या.