1:87 म्हणून विकलेल्या फाइल्सनी माझे पैसे आणि दोन महिने खाल्ले

घरच्या थ्री-डी प्रिंटरवर भाग काढून मॉडेल रेल्वे बांधणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा, लांब झालंय पण कापायचं मन होत नाही.

मी एचओ स्केलमध्ये काम करतो, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीच्या 87 पट लहान, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. स्टेशन, सिग्नलचे खांब, पूल, प्लॅटफॉर्मची छपरं हे सगळं मी स्वतः ड्रॉइंग करून काढतो पण बोगी (डब्याखालची चाकं धरणारी चौकट) आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) या दोन गोष्टींत माझा हात अजून बसलेला नाही, तिथे दशांश मिलिमीटरची चूक झाली तरी गाडी घसरते. म्हणून तयार फाइल्स विकत घ्यायचं ठरवलं. एक संच दिसला, त्यात एक इंजिन, चार टँकर डबे, त्यांच्या बोग्या, स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या तुकड्यांच्या) पट्ट्या आणि दोन सांधे, डावा आणि उजवा. वर्णनात लिहिलेलं की स्केल 1:87, सगळं प्रिंट करून चालवून बघितलंय, आणि हवे तसे बदल करता येतील अशा फाइल्स मिळतील. फोटो तर असे की बघत बसावं.

विकणाऱ्याने विकत घ्यायच्या आधी एक नमुना फुकट दिला, स्लीपरची एक छोटी पट्टी. मी ती काढली, त्यात धातूचा रूळ सरकवला, कॅलिपर लावला तर 16.5! त्याच क्षणी माझा विश्वास बसला आणि मी पूर्ण संचाचे पैसे भरले. ती पट्टी बरोबर का आली ते मला खूप नंतर कळलं, ते पुढे सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी बोग्या काढल्या. चाकं धातूची तयार घेतलेली, टोकदार ॲक्सलवाली (ॲक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा), टोकापासून टोकापर्यंत 24.5 मिमी. बोगीत बसवली तर खुळखुळाच, ॲक्सल खाली लोंबतोय, एका बाजूचं टोक खाचेतून सुटतंय आणि चाक ब्रेकच्या नकली ठोकळ्याला घासतंय. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं की तुमचा प्रिंटर कॅलिब्रेट नाही. मला ते खरं वाटलं हो! मग मी आठवडाभर प्रिंटरच्या मागे लागलो, फ्लो बदलला, बेल्ट घट्ट केले, फिलामेंटचं नवीन रीळ उघडलं, 20 मिमीचा टेस्ट क्यूब काढला तर तो 20.04 आला. बोगी पुन्हा काढली, पुन्हा तसाच खुळखुळा. अशा अकरा बोग्या काढल्या मी.

सांध्याची तर अजून वाईट गत. दिसायला सुरेख, पण डबा ढकलला की क्रॉसिंगपाशी, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, चाक फटीत धपकन पडायचं आणि चेक रेल, म्हणजे चाकाला वाटेवर ठेवणारी बाजूची पट्टी, चाकाला ओढून धरायच्या ऐवजी नुसतीच बाजूला उभी. फट मोजली तर दीड मिमीच्याही वर. एचओमध्ये ती साधारण सव्वा मिमीच्या आसपास पाहिजे, त्याच्यावर गेली की चाकाला आधारच उरत नाही.

हे सांगितल्यावर तो म्हणाला थांबा, सुधारलेली फाइल पाठवतो. आठवडा गेला. मग म्हणाला आजारी आहे, मग म्हणाला फाइल मोठी आहे चढत नाहीये, बोलणं मात्र कायम गोड. आणि या सगळ्यात तक्रार करून पैसे परत मागायची जी मुदत असते ती उलटून गेली. मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला की सुधारित आवृत्तीला जास्त काम लागलं, त्यामुळे आधीच्या किमतीच्या निम्मे अजून द्या, आणि ते थेट खात्यावर टाका म्हणजे मध्ये कमिशन जात नाही. मी टाकले. एवढी मेहनत झालेली, लेआउटवर सांध्याची जागा कापून ठेवलेली, वाटलं आता थोडक्यासाठी कशाला अडायचं. जी फाइल आली ती जुनीच होती, फक्त नाव बदललेलं. दोन्ही एकावर एक ठेवून बघितल्या, आकार बनवणारा एक त्रिकोणसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. त्यानंतर त्याने उत्तर देणं बंद केलं.

खरा प्रकार कळला तो टँकरमुळे. टाकीच्या शिड्या मला पहिल्यापासून खटकत होत्या, दांडे फार जाड, 0.9 मिमी. 87 ने गुणून बघा, खऱ्या गाडीत तो दांडा जवळपास 8 सेंटीमीटर जाड झाला असता, अशी शिडी कोण चढणार? म्हणून स्लायसरमध्ये (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) एकेक लेयर सरकवत आतून बघत होतो तर टाकीच्या तळाच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं दिसली. आधी एक बुजवलेला चौकोन, तिथे बहुतेक नाव असणार, आणि त्याच्या खाली स्पष्ट 1:160.

म्हणजे ही एन स्केलची, 1:160 ची, मॉडेल्स होती, आणि यानं ती नुसती फुगवली होती. 160 भागिले 87 म्हणजे 1.84, सगळं 184 टक्के करून विकायला ठेवलं. आता ती नमुन्याची पट्टी बरोबर का आली ते बघा. एन स्केलचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, 9 मिमी, त्याला 1.84 ने गुणलं की 16.56, म्हणजे एचओचाच गेज, कारण दोन्ही एकाच खऱ्या 1435 मिमीच्या रुळांवरून आलेत. नमुना म्हणून त्याने नेमकी तीच वस्तू दिली जी फुगवली तरी जुळते. पण क्रॉसिंगची फट, चाकाच्या कडेची जाडी, ॲक्सलची लांबी या गोष्टी खऱ्या रेल्वेच्या प्रमाणात नसतातच, प्रत्येक स्केलमध्ये चाक रुळावर टिकावं म्हणून वेगळ्या ठरवलेल्या असतात. एनची फट साधारण 0.9, फुगवून झाली 1.65. बोगीचंही तेच, ॲक्सलच्या खाचांमधलं अंतर 26 च्या वर गेलेलं आणि माझा ॲक्सल 24.5. माझा प्रिंटर पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

मग फोटो पुन्हा उघडले आणि स्वतःचा राग आला. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या गोल टाकीवर वरच्या बाजूला पायऱ्यांसारख्या रेषा येतातच, लेयर 0.2 मिमीचा असो की रेझिन प्रिंटरचा 0.05 चा, बारीक येतील पण जवळच्या फोटोत कुठेतरी दिसतील. इथे एकही नाही. आणि डब्याच्या खालून काढलेल्या एका फोटोत छोटे गोल ठसे होते, ते साच्यातून प्लॅस्टिकचा भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे असतात. प्रिंटमध्ये ते येऊच शकत नाहीत. फोटो कारखान्यातल्या तयार मॉडेलचे होते. प्रिंट करून तपासलंय म्हणणाऱ्याकडे रंग न दिलेल्या, सपोर्टचे (प्रिंट होताना खालून दिलेल्या आधारांचे) व्रण असलेल्या भागाचा फोटो मागा, तो नसेल तर त्याने ते कधी काढलेलंच नाही.

बदल करता येतील अशा फाइल्सचंही तसंच, मिळाल्या फक्त एसटीएल. त्यात नुसते त्रिकोण असतात, एकक सुद्धा साठवलेलं नसतं, मोजमाप बदलायचं तर मूळ कॅड (ड्रॉइंगची) फाइल हवी. पैसे भरायच्या आधी मी एकदा जरी म्हणालो असतो की ॲक्सलच्या खाचांमधलं अंतर तेवढं 24.5 करून द्या, तर तो तिथेच अडकला असता, कारण मूळ फाइल त्याच्याकडे नव्हतीच.

टाकीच्या आकारावरून शोधत शोधत मूळ मॉडेल सापडलं. ज्यांनी बनवलं त्यांनी ते फुकट ठेवलेलं, अट एवढीच की नाव द्या आणि विकू नका. हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, मी दोनदा पैसे दिले आणि ज्याने रात्री जागून ते काढलं त्याला एक पैसा नाही, वर त्याचं नाव बुजवलेलं. त्यांना सगळं लिहून कळवलं. त्यांनी मूळ कॅड फाइल पाठवली, आणि सोबत लिहिलं की बोगी कधीच फुगवायची नसते, नवीन स्केलला ती नव्याने काढायची. खाचांमधलं अंतर माझ्या ॲक्सलला हलका मोकळेपणा ठेवून बदललं, शिडीचे दांडे बारीक केले, आणि काल पहिली बोगी तिरप्या फळीवर सोडली तर शेवटपर्यंत गेली.

सांधा अजून व्हायचाय. तोवर ज्यांच्याकडे असा चार टँकरवाला संच असेल त्यांनी स्लायसरमध्ये टाकीचा तळ आतून उघडून बघा, 160 दिसलं आणि मुदत शिल्लक असेल तर दुरुस्त फाइलची वाट न बघता आजच तक्रार टाका, बुजवलेल्या चौकोनाचा फोटो सोबत जोडा. मूळ बनवणारे असे फोटो गोळा करतायत, ती विक्री बंद पाडायला त्यांना ते लागणार आहेत.