दीडशे रुपयांत एआयनं डोळ्याच्या पडद्याची तपासणी: पैसे वसूल, कागद अपुरा

मला ११ वर्षं शुगर आहे, सौ.ला ६. एसटीत कंडक्टर होतो तोवर ड्युटीचं निमित्त होतं. निवृत्त झाल्यावर तेही उरलं नाही, पण मिरजेला डोळे दाखवायला जाणं काही झालं नाही. गेल्या महिन्यात गावातल्या लॅबवर ‘एआयद्वारे पडदा तपासणी, १५० रुपये’ अशी पाटी दिसली आणि दोघं गेलो.

मोबाइलला जोडलेला कॅमेरा. डोळ्यात थेंब नाहीत, खोलीत अंधार, हनुवटी टेकवायची. उजव्याचा फोटो लगेच आला. डाव्यात मोतीबिंदू धरतोय, त्यामुळे तीनदा फोननंच ‘फोटो अस्पष्ट’ म्हणून नाकारला. चौथ्यांदा जमलं. दिसत नसताना उगाच ठोकून दिलं नाही, हे मला पटलं. मध्येच लाईट गेली, नेट गेलं, तरी निकाल आला. तपासायचं काम फोनच्या आतच होतं म्हणे.

माझ्या कागदावर ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवा’. शेवटी मिरज गाठलीच. डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. लेसर नको, शुगर सांभाळा, सहा महिन्यांनी या. मला तर पेपर नीट वाचता येत होता, एरवी कशाला गेलो असतो?

सौ.चा कागद ‘नॉर्मल’. ती सगळ्या वाटेवर मला ऐकवत होती. सोबत आलीच होती म्हणून तिचेही डोळे तपासले, तर डोळ्यातलं प्रेशर जास्त! आता काचबिंदूचे थेंब चालू आहेत.

मशीनला दोष देत नाही. प्रेशर फोटोत दिसत नाही. पुतण्या कॉम्प्युटरवाला, त्यानं सांगितलं की २०१६ साली गूगलनं अशाच कामासाठी एआयला १,२८,१७५ फोटो दाखवून शिकवलं, त्यात भारतातल्या तीन नेत्र रुग्णालयांचेही होते. पण शिकवलं ते मधुमेहानं बिघडलेला पडदा ओळखायला. तिकीट तपासनीस तिकीटच बघणार, गाडीच्या टायरमधली हवा नाही.

राग आहे तो कागदावर. सगळा इंग्रजीत, आणि ‘ही तपासणी फक्त मधुमेहाच्या पडद्यापुरती’ हे तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत. फोटो काढणारी मुलगी गोड बोलली, पण तिनंही तेवढं सांगितलं नाही.

पाचपैकी चार तारे. ती ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा, पाचवा येऊन देतो.