गोधडीच्या दोऱ्यासोबत आलेलं पास्ता मशीन
बोहरी आळीच्या बाजारात गोधडीसाठी दोरा घ्यायला गेले होते, तिथूनच हे हाताने फिरवायचं पास्ता मशीन आणलं. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, दहा मिनिटं मळणं, अर्धा तास झाकून ठेवणं. मग पिठाची पट्टी मशीनमधून काढत, जाडी ठरवणाऱ्या चकतीवरच्या एकेक आकड्याने पातळ करत न्यायची. शेवटी ती मलमलीसारखी होते, खालचा हात दिसतो! धावदोरा घालताना लागते तशीच तंद्री लागते. रॅव्हिओलीच्या (सारण भरलेल्या पास्त्याच्या) कडा मी करंजीच्या कातण्यानेच कापते.

एक अडचण: याचा शिकंजा आमच्या जाड ओट्याला बसत नाही, जेवणाच्या टेबलाला लावते. आणि पाण्याने अजिबात धुऊ नका, गंजतं. कोरड्या ब्रशने झाडा. पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन.