पाऊच: अनेक थरांचा की एकाच प्लास्टिकचा?

पॅकेजिंगच्या प्रदर्शनात हल्ली ‘मोनो-मटेरियल’, म्हणजे एकाच प्लास्टिकचा पाऊच हमखास भेटतो. जुना पाऊच म्हणजे पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिथिलीनचे चिकटवलेले थर. ओलावा, प्रकाश, ऑक्सिजन अडवण्यात तो पक्का. पण थर सुटे करणं फार अवघड, म्हणून पुनर्वापर रखडतो. नवा जवळजवळ सगळा पॉलिथिलीनचाच, फार तर ऑक्सिजन अडवणाऱ्या ईव्हीओएच या प्लास्टिकचा पातळ थर.

अडचण सीलिंगची, म्हणजे उष्णतेनं पाऊच बंद करण्याची. पॉलिएस्टर साधारण 250 अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिथिलीन 110 ते 130 ला. जुन्यात बाहेरून पॉलिएस्टर असल्याने ती बाजू टिकते; नव्यात सील करताना बाहेरची बाजूही मऊ पडते, सुरकुतते, मग मशीनचा वेग कमी करावा लागतो. स्टॉलवरच्या चकचकीत नमुन्यात हे कुठलं दिसायला! मशीन चालू करायला सांगावं. डिटर्जंटसाठी मी नवाच घेईन. सुगंध टिकवायचाय त्या कॉफीसाठी तूर्तास जुनाच.