जुनी फियाट: टायमिंग मागे घ्यावे की 100 ऑक्टेन भरावे?
सोलापूरच्या 40 अंशांपुढच्या उन्हात तुळजापूरचा घाट चढताना इंजिन टकटक वाजू लागले, तर डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्याच दिशेने किंचित फिरवून टायमिंग मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी, किंवा 100 ऑक्टेनचे, म्हणजे अशी टकटक अधिक रोखणारे पेट्रोल भरावे. पहिला उपाय जवळपास फुकट आहे. मात्र ठिणगी फार उशिरा पडल्यास इंजिन अधिक तापते, ओढ घटते आणि पेट्रोलही जास्त जाते. दुसऱ्यात मूळ टायमिंग टिकते, पण आवाजच नसेल तर कमी कॉम्प्रेशनच्या (पेट्रोल-हवेचे मिश्रण कमी दाबणाऱ्या) इंजिनाला त्या महागड्या पेट्रोलचा काडीचा उपयोग नाही. म्हणून आधी पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) फट तपासून, टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून एकदोन अंशच मागे यावे, हे मला अधिक पटते. पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलने खराब होणारे जुने रबरी पाइप मात्र बदलावेच लागतात.