रॉकर बोर्ड आणि घरची फिजिओथेरपी: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेक सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. चवड्यांवर चालायचा, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा, झोपाळ्याच्या जवळही फिरकायचा नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी पोटऱ्या आखडल्यात का आणि घोटा किती वाकतो ते तपासलं, मगच रॉकर बोर्ड, म्हणजे तोल सावरायच्या सरावाची डुलणारी फळी, घ्यायला सांगितला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. घोटाच वाकत नसेल तर मूल बोर्डवर तोल सावरणार कसं?

बोर्ड लाकडी आहे, एकाच रेषेत डुलणारा. चहूबाजूंनी कलणारा गोल वॉबल बोर्ड सुरुवातीला घेऊ नका. रॉकर कुठे झुकणार हे मुलाला आधी कळतं, त्यामुळे भीती कमी वाटते. सुरुवातीचे काही आठवडे आमचा नुसता त्यावर बसून डुलायचा. मग माझे दोन्ही हात धरून उभा राहिला, पुढे एकच हात, आता फक्त भिंतीचा आधार. उभं राहणं जमल्यावर डावीकडचा ठोकळा उजव्या हाताने उचलायचा, असा खेळ सुरू केला. गुळगुळीत फरशीवर बोर्ड सरकतो, खाली योगा मॅट हवीच. पाय अनवाणी.

पण खरी मजा आणली ती तळ्यात-मळ्यातने! आतल्या कानातल्या नलिका, डोळे आणि स्नायू-सांध्यांची जाणीव या तिन्हींचा मेळ बसला की तोल येतो. या खेळात ऐकायचं, थबकायचं, पाय जोडून उडी मारायची, सगळंच आलं. बोर्डला कंटाळणारा मुलगा यासाठी माझा हात ओढतो. लंगडी अजून दोन पावलांपुरतीच, तीही माझा हात धरून.

आता कठडा धरून एकाआड एक पाय टाकत जिना उतरतो. उभ्याने चड्डी घालतो. चवड्यांवर चालणं कमी झालंय, पण दमला किंवा गोंगाट झाला की पुन्हा सुरू होतं. बोलण्यातला फरक मी या व्यायामाच्या खात्यात मांडणार नाही, आणि व्यायामाने ऑटिझम ‘बरा’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा जरूर बघा. १ लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीसाठीही ठरावीक रक्कम असते. मुलाला फिट येत असतील तर बोर्ड आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.